आखाजीची घागर

आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, वारलेल्या माणसाच्या नावाने घागर भरतात. वनाने आबांची घागर काठोकाठ भरून ओट्यावर ठेवली. वर खरबूज ठेवायला आई आली, तर घागर रिकामी. खालची जमीन कोरडी ठाक.

त्याने पुन्हा भरली. ती पुन्हा रिकामी झाली.

"तुना आबाले इतली तहान कधीच नही लागे," आई हसून म्हणाली. "इतलं पानी आपला रुपचंदले लागस."

धाकटा रुपचंद सुरतेला गिरणीत आहे, असंच ती समजत होती. वनाने त्याला मळ्यातल्या कोरड्या विहिरीत ढकललं होतं. दोन दिवस तो खालून पाणी मागत होता.

वनाने तिसऱ्यांदा हंडा ओतला. पाणी पडल्याचा आवाजच येईना. मग आला, खूप खोलवरून, दगडांवर पडल्यासारखा.