मार्थाचा केक

बर्मिंगहॅमच्या गणेशोत्सवात यतीन टेक्ससमधल्या एका खेडवळ विनोदी लेखकाच्या गोष्टी मराठीत वाचून दाखवत होता. कोणी हसत नव्हतं. "अमेरिकेतली गुरंढोरं आम्हाला कशाला?" मागून कोणीतरी खेकसलं. यतीनने नेटाने पान उलटलं.

"चर्चच्या जेवणात मार्थाच्या केकला दरवर्षी बक्षीस मिळे. पण त्या केकबद्दल गावाला एक संशय होता..."

प्रसादाचे मोदक दरवर्षी स्वतःच्या हातचे म्हणून आणणाऱ्या यमुनाकाकू ताडकन उठल्या. "बास! टेक्ससच्या आडून मला टोमणे मारतोस? गुडघे दुखतात, म्हणून आणते वेम्बलीच्या बाईकडून. त्याचा असा तमाशा करायचा?"

यतीन गोंधळला. "काकू, मार्था केकमध्ये व्हिस्की घालायची, एवढंच आहे हो पुढे."

त्या संध्याकाळी हॉल पहिल्यांदाच हसला.