अकरा वेळा

गणितातल्या फलनांचा पेपर दोन दिवसांवर आला, तेव्हा तिने दादाची वही मागितली. पोलिसांनी त्याच्या टेबलावरून नेलेली आणि दोन महिन्यांनी परत दिलेली ती वही आईने वर्षभर कपाटात कुलपात ठेवली होती. देताना आई म्हणाली, "बघ बाई, तुला तरी कळतंय का, कुठे अडत होतं त्याचं."

शेवटच्या पानावर एकच गणित होतं. एका फलनाची किंमत दुसऱ्यात घालून उत्तर काढायचं. दादाने ते अकरा वेळा सोडवलं होतं. अकराही वेळा उत्तर सात आलं होतं आणि अकराही वेळा त्याने ते खोडलं होतं, कारण पुस्तकात मागे उत्तर सतरा होतं. खाली लिहिलं होतं, "आई, मला नाही जमत गं."

तिने सोडवलं, तिलाही सातच आलं. "सरांना विचारून येते," असं आईला सांगून ती पुस्तक आणि वही घेऊन क्लासला गेली.

सरांनी पुस्तक बघितल्या बघितल्या पेनाने मागच्या सतरामधला एकचा आकडा खोडला. "अगं, सातच. छापताना एक जास्तीचा पडलाय. दरवर्षी कुणी ना कुणी येतंच विचारायला."

ती परतली तेव्हा आई दारातच उभी होती. "काय म्हणाले सर? कुठे चुकत होतं गं त्याचं?"

तिने वही आईच्या हातात दिली.



"पहिल्याच पायरीला, आई."