शरयूताई आणि सयामी पिल्लू

"सयामी मांजरं दीर्घायुषी असतात, शरयूताई," पिल्लाला लस देऊन प्राण्यांचे डॉक्टर म्हणाले. "नीट सांभाळलंत तर अठरा-वीस वर्षं सहज जगेल."

शरयूताईंनी टेबलाची कड घट्ट धरली. त्यांना बहात्तरावं चालू होतं.

हृदयाची झडप बदलून घ्यायला त्या वर्षभर नकार देत होत्या. मुलगा हेरंब बंगळूरहून फोनवर विनवायचा, तेव्हा शांतपणे म्हणायच्या, "माझ्यावाचून आता कोणाचं अडतंय? कशाला ती चिरफाड?" मरणाची त्यांना खरंच भीती वाटत नव्हती.

आज मात्र रिक्षात बसल्या आणि छातीत धडधडू लागलं. मांडीवरच्या टोपलीतून पिल्लानं पंजा बाहेर काढून त्यांचं बोट पकडलं होतं. पुढच्या महिन्यात आपल्याला काही झालं, तर बंद दारामागे हे किती दिवस ओरडत राहील?

घरात शिरताच त्यांनी हेरंबला फोन लावला.

"ऑपरेशनची तारीख घे. मिळेल ती पहिली."

"आई, काय झालं? दुखतंय का?"

"नाही रे." पिल्लू पदराला धरून खांद्यावर चढत होतं. त्यांनी त्याला हातानं सावरलं. "भीती वाटतेय."