राहिलेलं सीमांतपूजन

"हात लावू नका, सीटचं लेदर मूळचं आहे!" रणधीरराव येणाऱ्या प्रत्येक गिऱ्हाइकाला बजावत होते. जुन्या गाड्यांचे दर्दी त्या लांबलचक, उघड्या टपाच्या गाडीभोवती घुटमळत होते. बॉडी त्यांच्या जहागीरदार आजोबांसाठी हातानं घडवलेली, जगात दुसरी नाही.

सगळ्यांवर कडी करून ती मी घेतली. सह्या झाल्यावर एवढंच म्हटलं, "आमच्या गावच्या वेशीपर्यंत तुम्हीच चालवत आणून द्या." माझ्यासारख्या पांढऱ्या केसांच्या बाईला त्यांनी ओळखलं नाही. वेस मात्र ओळखली. ब्रेक दाबून ते स्टिअरिंग घट्ट धरून बसले.

याच गाडीतून ते मला वरायला आले होते. सीमांतपूजनाला नवरदेव खाली उतरलेच नाहीत. मागचं दार उघडून नुसते पाय बाहेर काढले. गुडघे टेकून ते पाय धुताना बाबांच्या तांब्यातलं पाणी सांडलं.

"सीट भिजवलीत!" म्हणून रणधीरराव ओरडले आणि वऱ्हाड तिथूनच माघारी घेऊन गेले. बाबा मरेपर्यंत पुन्हा वेशीकडे फिरकले नाहीत.

पिंपळाखाली सकाळीच भरून ठेवलेली कळशी मी उचलली. नवरदेव बसले होते त्याच मागच्या सीटवर ती सावकाश रिती करू लागले.

"अहो, सीट भिजवलीत!" रणधीरराव तसेच ओरडले.

"बाबांचे हात थरथरत होते," मी म्हणाले. "माझे बघा."