पस्तीस टक्के

निवृत्तीनंतर दोन वर्षं खपून गोपीनाथरावांनी गाडीमागे ओढत न्यायचं चाकांवरचं घर बांधलं. पण ते नेहरू नगरातून बाहेर पडेल तर शपथ! दरवेळी एखादी चाचणी राहिलेलीच असायची. आजची चाचणी म्हणजे गाडी चालताना वीज तयार करणाऱ्या अल्टरनेटरवर घरातली लिथियम बॅटरी चार्ज होते का, ते शहराच्या वेशीवरच्या मिसरोदपर्यंत जाऊन बघायचं आणि परत यायचं.

त्यांच्या पत्नी मनोरमाबाईंनी निघताना गुपचूप चाकांवरच्या घरातल्या पलंगाखाली स्वेटर आणि चार दिवसांचा शिधा भरला.

मिसरोदला गाडी थांबवून गोपीनाथरावांनी मोबाइल पाहिला. "पस्तीस टक्के. होतेय चार्ज. वळू या?"

"अर्धवट चार्ज ठेवली तर बॅटरी खराब होते म्हणे," मनोरमाबाईंनी थाप ठोकून दिली. आता हा जन्माचा इंजिनिअर तासभर समजावणार, की लिथियमला त्याने काही होत नाही!

गोपीनाथराव गंभीरपणे म्हणाले, "होते तर! फुल व्हायला अजून तीन-चार तास गाडी चालवावी लागेल."

"म्हणजे कुठपर्यंत?"

"पचमढीपर्यंत. तिथे हे घर उभं करायला जागा मी सोमवारीच ठरवून ठेवलीय."