एकशे अकरा

संयुक्त महाराष्ट्राच्या सभेआधी दादरच्या एका वाचनालयात मराठी सैनिकांचे जुने फोटो मांडायचे होते. काळाचौकीच्या गंगुबाईने वडिलांचा फोटो आणला. तिथले वकीलसाहेब भिंग लावून वर्दी वाचू लागले. “दंडावर तीन फिती, म्हणजे हवालदार. छातीवर पदक! यांना व्यासपीठाजवळ लावू.” “खांद्यावरचा आकडा वाचा की,” गंगुबाई म्हणाली. “एकशे अकरा... महार पलटण?” काचेवर अंगठा दाबून साहेबांनी फोटो उचलला आणि बाहेर जिन्यापाशी टेकवला. “आत जागा नाही, बाई. राग मानू नका.” गेल्या महिन्यातल्या मोर्चात स्वतः मागे राहून याच माणसाने चाळीतल्या बायांना लाठ्यांपुढे उभं केलं होतं. गंगुबाईला त्याची किळस आली. फोटो उचलून ती पदराने काच खसाखसा घासू लागली. “राग कसला, साहेब? तुमचा हात लागला ना, तेवढं पुसून नेते.”