दिवसाला किती सेकंद?

घड्याळाच्या कारखान्यात काम करणाऱ्या धाकट्या बहिणीच्या एका पत्राला मी एकोणीस वर्षं उत्तर दिलं नाही. सोबत तिथलंच घड्याळ होतं. "दादा, यातली केसाएवढी स्प्रिंग मी बसवते. दिवसाला किती सेकंद चुकतं, कळव हं. आम्हाला कुणी सांगतच नाही."

मी ते घातलंच नव्हतं. मनगटावर दहापट किमतीचं परदेशी होतं.

काल ते परदेशी घड्याळ साफ करायला उघडलं आणि घड्याळजी हसला. "काका, नाव तेवढं परदेशी. मशीनवरचा शिक्का बघा."

शिक्का बहिणीच्या कारखान्याचा होता. भिंगाखाली ती स्प्रिंग श्वास घेतल्यासारखी हलत होती. मी बघतच राहिलो.

आज पत्र पेटीत टाकलं. "तू पाठवलेलं घातलं नाही, माफ कर. पण एवढी वर्षं बहुधा तुझ्याच हातचं घालतोय. दिवसाला चार सेकंद चुकतं."